न मोजलेले तास : घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांच्या कामाची स्थिती

आजच्या विषयाची मर्यादा आधी स्पष्ट करते. शुश्रूषेच्या क्षेत्रात रुग्णालयातील परिचारिका येतात, वृद्धाश्रमातील कर्मचारी येतात आणि आपल्याच आईवडिलांची किंवा जोडीदाराची देखभाल करणारे कुटुंबीयही येतात. मी आज यांपैकी कोणाविषयीही बोलणार नाही. मी बोलणार आहे ती एजन्सीमार्फत अनोळखी घरात जाऊन तेथील वृद्ध, अपंग किंवा दीर्घकाळ आजारी व्यक्तीला रोज सांभाळणाऱ्या केअरगिव्हरविषयी. त्यांच्या कामाच्या स्थितीचा विषय निघाला की पगार, सुट्टी, विमा, प्रशिक्षण असे अनेक मुद्दे समोर येतात आणि ते सगळेच खरे आहेत. पण या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे माझे मत आहे : या व्यक्तीच्या दिवसातला कोणता वेळ काम म्हणून मोजला जातो, आणि तो मोजण्याची जबाबदारी कोणावर आहे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात मोबदला घेऊन काळजीची कामे करणाऱ्यांची संख्या, आरोग्य, शिक्षण आणि घरकाम ही क्षेत्रे मिळून, ३८ कोटींच्या आसपास होती आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. त्याच अहवालातील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काळजीच्या ज्या कामांना मोबदला मिळत नाही, त्यांवर जगभरात रोज १,६४० कोटी तास खर्च होतात असा तो अंदाज आहे. हे विनामोबदला तास पगारी केअरगिव्हरच्या वेतनावर सतत दबाव टाकत असतात. जे काम घरातली मुलगी, पत्नी किंवा सून आजवर पैसे न घेता करत आली, त्याच कामासाठी बाहेरून आलेल्या व्यक्तीला पैसे देताना ते कौशल्याचे पैसे आहेत असे कोणाला वाटत नाही. ती व्यक्ती घरात हजर राहते म्हणून दिलेले पैसे आहेत असे वाटते. आणि नुसती हजेरीच विकत घ्यायची असेल, तर ती जितकी स्वस्त मिळेल तितकी बरी, हा हिशेब ओघानेच येतो.

म्हणून हे काम प्रत्यक्षात काय असते ते थोडे तपशिलाने पाहू. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि बदलताना माकडहाड, खुबे, टाचा या ठिकाणी कातडी लाल झाली आहे का, हे रोज न चुकता पाहावे लागते, कारण एकदा शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाले की ते भरून यायला महिने लागू शकतात. ज्याची गिळण्याची क्रिया मंदावली आहे त्याला ताठ बसवून, लहान घास देऊन, प्रत्येक घास खाली उतरल्याची खात्री करून भरवावे लागते. घाई केली तर अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच राहील हे पाहावे लागते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अंघोळीसाठी तयार करणे हे शक्तीचे काम नसून संभाषणाचे काम आहे, आणि अशा रुग्णांपैकी अनेकांची अस्वस्थता संध्याकाळनंतर वाढते, म्हणजे सांभाळणारी व्यक्ती थकलेली असते नेमकी त्या वेळी. यापलीकडे एक काम असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही कामाच्या यादीत नसते : बदल लक्षात येणे. कालपर्यंत नीट बोलणारा वृद्ध आज अचानक गोंधळला, तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडून द्यायचे नसते. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. पायांवरची सूज एका आठवड्यात वाढली, तर ती डॉक्टरांना कळली पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना हे दिसणे शक्य नाही. ते रोज पाय पुसणाऱ्या व्यक्तीलाच दिसते.

आता वेळेकडे येऊ. दिवसात अनेक घरांना भेटी देणाऱ्या केअरगिव्हरचा दिवस सलग नसतो. रुग्णांना मदत लागते ती उठताना आणि झोपताना, त्यामुळे कामाची गर्दी सकाळी आणि रात्री होते आणि मधला वेळ रिकामा जातो. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ, लवकर पोहोचल्यास दाराबाहेर थांबण्याचा वेळ, दुपारी घरी परत जाण्याइतका अवधी नसल्याने कुठेतरी बसून काढलेले तास, हे सर्व तिच्या आयुष्यातून जातात. पण एजन्सीच्या पत्रकावर फक्त घराच्या आत घालवलेली मिनिटे येतात. ताशी दर कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा थोडा वर असला, तरी तिने स्वतःच्या घराबाहेर घालवलेल्या एकूण तासांनी मिळकतीला भागले की तो त्या किमान वेतनाच्या खाली जाऊ शकतो. कागदावर कायदा पाळलेला दिसतो आणि हातात मात्र कमी पैसे येतात, ते असे.

या प्रश्नावर कायद्याने काहीच विचार केलेला नाही असे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिलेला एक निकाल येथे उपयोगी आहे. तो खटला केअरगिव्हरचा नव्हता. घरोघरी आणि दुकानांत सुरक्षा-उपकरणे बसवणाऱ्या स्पेनमधील तंत्रज्ञांचा होता. ज्यांना कामाची ठरलेली जागाच नाही, त्यांच्या बाबतीत घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवासही कामाचाच वेळ आहे, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल कामाच्या तासांच्या मर्यादेपुरता होता, वेतन किती द्यावे हे त्याने ठरवले नाही. पण ज्या माणसाचे काम फिरण्याशिवाय होऊच शकत नाही, त्याचे फिरणे कामापासून वेगळे काढता येत नाही, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. न्यूझीलंडने एक पाऊल पुढे जाऊन २०१६ मध्ये घरी जाऊन सेवा देणाऱ्यांना दोन रुग्णांच्या घरांमधील प्रवासाचे पैसे मिळावेत यासाठी स्वतंत्र कायदाच केला. म्हणजे हे करता येते. ते करण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

भेटीच्या लांबीचाही असाच प्रश्न आहे. अनेक ठिकाणी पंधरा मिनिटांच्या भेटींची पद्धत रूढ झाली. मघाशी सांगितलेले भरवण्याचे काम आठवा. गिळण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीचे एक जेवण अर्धा-पाऊण तास सहज घेते. इंग्लंडमध्ये आरोग्य व काळजीविषयक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये असे सांगितले, की अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाची भेट केवळ ठरावीक परिस्थितीतच असावी : येणारी व्यक्ती रुग्णाच्या ओळखीची असावी, ती भेट मोठ्या नियोजनाचा भाग असावी आणि तेवढ्या वेळात ठरलेले छोटे काम पूर्ण होण्यासारखे असावे. पंधरा मिनिटांत एखाद्याला उठवून, स्वच्छ करून, कपडे बदलून, भरवून निघायचे असेल, तर केअरगिव्हरपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर ती रुग्णाला घाई करते, किंवा स्वतःचा न मोजलेला वेळ त्याला देते. बहुतेक जणी दुसरा मार्ग निवडतात. आपली व्यवस्था त्यांच्या या सद्सद्विवेकावर फुकट चालते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

प्रवासाचा आणि थांबण्याचा वेळ मोजणे अवघड आहे, असे एजन्सीचालक पूर्वी सांगत. आता ते कारण उरलेले नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये घरात शिरल्याची आणि घरातून निघाल्याची नोंद ठिकाणासह होते. अमेरिकेत तर २०१६ च्या कायद्याने सरकारी मेडिकेड योजनेतून पैसे मिळणाऱ्या घरगुती सेवांसाठी अशी इलेक्ट्रॉनिक पडताळणी बंधनकारक केली : कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोठे, कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. पहिल्या घरातून निघाल्याची वेळ आणि दुसऱ्या घरात शिरल्याची वेळ ज्या यंत्रणेकडे आहे, तिच्याकडे मधल्या वेळेचीही नोंद आपोआप आहेच. ती वजाबाकी करायची की नाही, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. सध्या हे यंत्र पाच मिनिटे उशीर झाल्याचे पैसे कापण्यासाठी तत्परतेने वापरले जाते. तेच यंत्र वीस मिनिटांच्या प्रवासाचे पैसे देण्यासाठी वापरावे, एवढीच मागणी आहे.

सर्वांत कठीण प्रश्न रात्रीचा. रुग्णाच्याच घरी राहणारी केअरगिव्हर रात्री झोपते तेव्हा ती कामावर असते का? एजन्सीचे उत्तर असे, की झोपेचे पैसे कशासाठी द्यायचे? हे उत्तर वरवर समंजस वाटते. पण ज्या व्यक्तीला हाक आली की उठायचे आहे, जिला घर सोडून जाता येत नाही, जी रुग्णाच्या खोलीतच खाटेवर पडते आणि त्याच्या श्वासाचा आवाज बदलला की जागी होते, तिची झोप तिच्या मालकीची नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करारनामा संमत केला. त्याचे दहावे कलम सांगते की ज्या काळात घरकामगाराला आपला वेळ स्वतःच्या मर्जीने वापरता येत नाही आणि हाक आल्यास तयार राहावे लागते, तो काळ, राष्ट्रीय कायदे ठरवतील तितक्या प्रमाणात, कामाचा काळ मानला जावा. आणि आठवड्यातून सलग किमान २४ तासांची विश्रांती मिळावी.

‘राष्ट्रीय कायदे ठरवतील तितक्या प्रमाणात’ या सवलतीमुळे देशोदेशी वेगवेगळी उत्तरे निघाली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की रात्री रुग्णाच्या ठिकाणी झोपणाऱ्या केअरगिव्हरला किमान वेतन कायद्याखाली केवळ ती प्रत्यक्ष जागी राहून काम करते तेवढ्याच वेळाचा हक्क आहे. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयासमोर बल्गेरियाहून आलेल्या एका केअरगिव्हरचा खटला आला. तिच्या करारात आठवड्याला ३० तास लिहिलेले होते आणि प्रत्यक्षात ती नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धेच्या घरी राहून रात्रंदिवस उपलब्ध होती. त्या न्यायालयाने हाकेसाठी तयार राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू होते, असा निर्णय दिला. दोन प्रगत देश, जवळजवळ एकाच प्रकारची रात्र, आणि एकाच वर्षात दोन विरुद्ध उत्तरे. मला जर्मन न्यायालयाचे उत्तर योग्य वाटते. ब्रिटिश न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ चुकीचा लावला असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप त्या शब्दांनाच आहे, आणि ते बदलण्याचे काम न्यायालयाचे नसून विधिमंडळाचे आहे.

न्यूयॉर्क राज्यातील नियम याहून वेगळा आणि समजून घेण्यासारखा आहे. तेथे २४ तासांच्या ड्यूटीसाठी १३ तासांचे वेतन देता येते. अट अशी, की उरलेल्या अकरांपैकी आठ तास झोपेचे असावेत, त्यांतले पाच तास सलग मिळालेले असावेत आणि तीन तास जेवणाच्या सुट्टीचे असावेत. सलग पाच तास झोप मिळाली नाही, तर हिशेब बदलतो आणि त्या आठही तासांचे पैसे द्यावे लागतात. कामगार खात्याचा हा अर्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला. नियमात न्याय आहे असे वाटू शकते. पण रात्री तीन वाजता रुग्णाला तिसऱ्यांदा उठवून स्वच्छ केल्याची नोंद कोण करणार? त्या वेळी घरात दोनच माणसे जागी असतात आणि त्यांतल्या एकाला सकाळी काही आठवत नसते. एजन्सीने नोंदीचा साधा मार्ग दिला नाही, तर झोप मोडल्याचे सिद्ध करण्याचा सगळा भार जिची झोप मोडली तिच्यावरच पडतो. म्हणून मला वाटते, की रात्रीच्या ड्यूटीत नोंद ठेवण्याचे कर्तव्य एजन्सीवर असले पाहिजे आणि नोंद नसेल तर रात्र जागी गेली असेच धरले पाहिजे.

या सगळ्याच्या मागे एक जुनी समजूत आहे आणि ती कायद्यातही उतरली होती. अमेरिकेने १९३८ च्या किमान वेतन कायद्याचे संरक्षण १९७४ मध्ये घरकामगारांना दिले; मात्र वृद्ध आणि दुर्बळ व्यक्तींना सोबत करणाऱ्यांना त्यातून वगळले. शेजारच्या आजोबांजवळ दोन तास बसणाऱ्याला वगळावे, इतकाच हेतू असावा असे त्या शब्दांवरून वाटते. पण पुढच्याच वर्षी झालेल्या नियमांनी ही सूट एजन्सीच्या नोकरीत असणाऱ्या, पूर्णवेळ काम करणाऱ्या केअरगिव्हरनाही लागू केली. एव्हलिन कोक या न्यूयॉर्कमधील केअरगिव्हरने जादा तासांच्या वेतनासाठी याविरुद्ध दाद मागितली. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरोधात निकाल दिला, आणि २००९ मध्ये तिचे निधन झाले. नियम बदलले ते २०१३ मध्ये, आणि न्यायालयीन लढाईनंतर ते २०१५ मध्ये अमलात आले. त्यानंतर एजन्सीला ही सूट घेता येईनाशी झाली. पुढे २०२५ मध्ये जुनी सूट परत आणण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या कामगार खात्यानेच मांडला. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो टिकला, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

घर ही कामाची जागा आहे, हे स्वीकारणे त्या घरच्यांनाच सर्वांत जड जाते. कारखान्यात तीस किलोचे पोते एकट्याने उचलू नये असा फलक असतो. घरात साठ-सत्तर किलोच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवताना कोणी फलक लावत नाही. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये रुग्णाला हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा सुमारे १६ किलो सांगितली, आणि तीही सर्व परिस्थिती अनुकूल असताना. माणसाचा एकटा पाय एवढा भरू शकतो. जपानच्या सरकारने २०१३ मध्ये सुधारलेल्या सूचनांत तर काळजीच्या कामात माणसाला हातांनी उचलणे तत्त्वतः टाळावे असेच म्हटले. उचलण्याचे यंत्र, सरकवण्याची चादर, कमरेचा पट्टा ही साधने काही फार दुर्मीळ नाहीत. पण ती कोणी आणायची हे ठरलेले नसते. कुटुंबाला वाटते एजन्सी आणेल, एजन्सीला वाटते कुटुंब आणेल, आणि तोपर्यंत केअरगिव्हरची कंबर ते काम करते. पहिली ड्यूटी लावण्यापूर्वी एजन्सीच्या जबाबदार व्यक्तीने त्या घरी स्वतः जाऊन खाटेची उंची, न्हाणीघराची फरशी, रुग्णाचे वजन आणि उठण्याची क्षमता पाहावी आणि साधने आल्याशिवाय कोणाला पाठवू नये. संसर्गजन्य आजाराची माहिती लपवून ड्यूटी लावणे तर सरळसरळ अपराध मानला पाहिजे.

त्याच बंद दारामागे इतर गोष्टीही घडतात. रुग्णासाठी आलेल्या व्यक्तीकडून हळूहळू सगळ्या घराची धुणीभांडी करून घेतली जातात. एखादी वस्तू सापडली नाही की पहिला संशय तिच्यावर येतो. ती झोपते त्या खोलीतही तिला न सांगता कॅमेरा लावलेला असतो. लैंगिक छळाच्या तक्रारी होतात आणि होत नाहीत त्या त्याहून अधिक असाव्यात, कारण साक्षीदार नसतो आणि तक्रार केली की ड्यूटी जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिंसा व छळाविषयीच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारनाम्यात खाजगी जागा जर कामाची जागा असेल तर तिचाही समावेश आहे, हे महत्त्वाचे. येथे एक भेद नीट केला पाहिजे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मारतो किंवा ओरबाडतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही, आणि अनुभवी केअरगिव्हर तो देतही नाहीत. पण दोष नसला तरी जखम होतेच. ‘आजारी माणूस आहे, समजून घ्या’ एवढे सांगून एजन्सीला मोकळे होता येणार नाही; अशा घरी दोघांना पाठवणे, कामाची वेळ कमी करणे, डॉक्टरांकडून औषधांचा फेरविचार करवून घेणे, ही तिची कामे आहेत.

यानंतर येतो तो मूळ वाद. अडचणीचा प्रसंग आला की अनेक एजन्सी म्हणतात, ‘आम्ही फक्त माणूस पुरवतो, मालक ते कुटुंब आहे.’ कुटुंब म्हणते, ‘आम्ही पैसे एजन्सीला देतो, बाकी आम्हाला माहीत नाही.’ अपघात झाला तर भरपाई कोण देणार, आजारपणाची रजा कोण देणार, या प्रश्नांवर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. माझ्या मते याची कसोटी सोपी आहे. दर कोण ठरवतो? कोणत्या घरी जायचे हे कोण ठरवतो? नकार दिल्यास पुढचे काम कोण बंद करतो? कुटुंबाने परस्पर नेमणूक करू नये अशी अट कोण घालतो? या सगळ्यांचे उत्तर एजन्सी असेल, तर मालकाचे अधिकार वापरणाऱ्याने मालकाची कर्तव्येही घेतली पाहिजेत. केवळ ओळख करून देऊन बाजूला होणारी संस्था वेगळी. पण तिने महिन्यामागून महिने केअरगिव्हरच्या कमाईतून वाटा घेऊ नये. खाजगी रोजगार संस्थांविषयीचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारनामा सर्वसाधारण नियम म्हणून कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेण्यास मनाई करतो, आणि १८९ क्रमांकाचा करारनामाही संस्थेचे शुल्क घरकामगाराच्या वेतनातून कापले जाऊ नये असे सांगतो. नोंदणीची फी, गणवेशाचे पैसे, अनामत, प्रशिक्षणाचा खर्च अशा नावांनी होणारी कपात या कसोटीवर टिकत नाही. निदान कुटुंबाने किती दिले आणि त्यातले केअरगिव्हरला किती मिळाले, हे दोघांनाही दिसणाऱ्या एका कागदावर असावे. जी एजन्सी हा कागद दाखवायला तयार नाही, तिच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी आहे असे समजायला हरकत नाही.

आता कुटुंबाची बाजू. ती मी टाळू इच्छित नाही. जिच्या घरी अर्धांगवायू झालेले वडील आहेत आणि जी स्वतः नोकरी करते, त्या मुलीला चोवीस तासांचे खरे मोल द्यायला सांगितले तर तिचा पगार पुरणार नाही. ती शोषण करायला बसलेली नाही; ती स्वतः कोंडीत आहे. चोवीस तासांची काळजी म्हणजे प्रामाणिकपणे मोजले तर निदान तीन माणसांचे काम, आणि तीन माणसांचा पगार सामान्य घर देऊ शकत नाही. म्हणूनच हा भार समाजाने वाटून घ्यायचा असतो. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीसाठी सार्वजनिक विमा सुरू केला तो याच जाणिवेतून. पण विमा आला म्हणजे केअरगिव्हरचा पगार आपोआप वाढतो असेही नाही. जपानमध्ये अनुभव आला तो असा, की माणसे या कामात टिकेनात; तेव्हा २०१२ पासून विम्याच्या दरातच वेगळी भर घालण्यात आली आणि ती रक्कम कर्मचाऱ्यांच्या वेतनावरच खर्च करावी असे बंधन संस्थांवर घातले गेले. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धाश्रमातील केअरगिव्हरने, हे काम मुख्यतः स्त्रिया करतात म्हणून त्याचे वेतन दाबले गेले आहे, असा दावा न्यायालयात नेला. त्याची परिणती २०१७ च्या तडजोडीत आणि कायद्यात झाली. सुमारे ५५,००० जणांना, घरी जाऊन काम करणाऱ्यांसह, त्याचा लाभ मिळाला, आणि वेतन शिक्षण व अनुभवाशी जोडले गेले. सरकारने त्यासाठी पाच वर्षांत सुमारे दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरची तरतूद केली. सार्वजनिक पैसा द्यायचा असेल तर तो वेतनाच्या अटीसह द्यावा, हा दोन्ही देशांच्या अनुभवाचा अर्थ आहे.

एजन्सीच्या रचनेतही पर्याय आहेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९८५ मध्ये सुरू झालेली एक सहकारी संस्था केअरगिव्हरच्याच मालकीची आहे. तिने प्रशिक्षण आणि कामाच्या किमान तासांची हमी या दोन गोष्टींवर भर दिला. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये योस द ब्लोक यांनी सुरू केलेल्या ‘ब्यूर्टझोर्ग’ संस्थेत परिचारिकांचे जास्तीत जास्त बारा जणांचे गट आपले वेळापत्रक स्वतः ठरवतात. या दोन्ही संस्था आदर्श म्हणून जशाच्या तशा उचलता येतील असे मी म्हणत नाही. पण वेळापत्रक ठरवताना त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या व्यक्तीला विचारले, तर दोन घरांमधला प्रवास कधीच शून्य मिनिटांचा लिहिला जाणार नाही, इतके तरी त्यावरून शिकता येते. आणि माणसे टिकली तर रुग्णाचाही लाभ होतो. दर महिन्याला नवा चेहरा आला की स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पुन्हा घाबरतो, आणि पायांवरची सूज कालपेक्षा जास्त आहे हे कळायला काल ती पाहिलेली असावी लागते.

शेवटी एका प्रसंगाविषयी बोलते. तो या कामात कधी ना कधी येतोच, आणि तरीही बहुतेक करारांमध्ये त्याचा उल्लेख नसतो. रुग्णाचा मृत्यू होतो. वर्षानुवर्षे ज्याला भरवले, ज्याच्या कण्हण्याचे अर्थ कळू लागले, तो माणूस पहाटे जातो आणि त्याच क्षणी केअरगिव्हरची ड्यूटी संपते. घरात नातेवाईक जमतात. तिने बाजूला व्हावे अशी अपेक्षा असते. ती राहत असलेले ठिकाणही तेच असेल, तर त्या दिवशी तिचे दुःख, नोकरी आणि निवारा एकदमच जातात. रुग्णाला रुग्णालयात दाखल केले तरी असेच होते. तेथे तिची गरज नाही म्हणून पगार थांबतो, पण परत बोलावणे येईल म्हणून दुसरे काम घेऊ नये असे मात्र सांगितले जाते. थांबवून ठेवलेला वेळ हाही कामाचाच वेळ आहे. त्यामुळे एजन्सीच्या करारात तीन गोष्टी लेखी असाव्यात, असा माझा आग्रह आहे : रुग्ण रुग्णालयात असताना थांबायला सांगितले तर त्या दिवसांचे वेतन, रुग्णाच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांचे वेतन आणि निवासी केअरगिव्हर असल्यास तितक्या दिवसांची राहण्याची सोय, आणि पुढची ड्यूटी कधी घ्यायची हे ठरवण्याचा तिचा अधिकार. याचा खर्च एजन्सीने कुटुंबाच्या मासिक दरात पहिल्या दिवसापासून, उघडपणे धरावा. वृद्ध आणि आजारी माणसांच्या सेवेचा व्यवसाय करणाऱ्या संस्थेला मृत्यू हा अनपेक्षित प्रसंग होता असे म्हणता येत नाही.